‘हॉटेअर इनहिबिटर’ दिला, आरएनए कमी झाला नाही, तरी पेशींचं आक्रमण घटलं: यातून काय म्हणता येतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एमडीए-एमबी-२३१ या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये हॉटेअर या लांब नॉन-कोडिंग (म्हणजे प्रोटीन न बनवणाऱ्या) आरएनएवर पीएचडी करता आहात. एसआयआरएनएने, म्हणजे आरएनए तोडायला लावणाऱ्या छोट्या आरएनए तुकड्याने, त्याची पातळी जेमतेम एक तृतीयांश उतरली, म्हणून गाईडनी रासायनिक इनहिबिटर (काम रोखणारं संयुग) वापरून बघायला सांगितलं. कॅटलॉगमध्ये ‘हॉटेअर-ईझेडएच२ इनहिबिटर’ म्हणून मिळणारं एसी१क्यू३क्यूडब्ल्यूबी, म्हणजे एक्यूबी, तुम्ही १० मायक्रोमोलरला २४ तास दिलं. आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या क्यूपीसीआरमध्ये हॉटेअर जिथल्या तिथे, पण ट्रान्सवेलमधून (आक्रमण मोजण्याच्या सच्छिद्र पडद्यातून) पलीकडे जाणाऱ्या पेशी निम्म्यावर आल्या. आता तुम्ही विचारता आहात की डोस वाढवू की वेळ वाढवू, आणि एवढ्या आधारावर ‘हॉटेअरमुळे आक्रमण होतं’ असं प्रबंधात लिहू का.

डोस आणि वेळेबद्दल खाली सांगतेच. पण तुमची खरी अडचण डोसची नाही. हे संयुग पेशीत नेमकं काय थांबवतं आणि ट्रान्सवेलमधला फरक त्याच कारणाने पडला हे कशावरून, या दोन प्रश्नांची उत्तरं सध्या तुमच्याकडे नाहीत. ती नसताना डोस दुप्पट केलात तर आकडे मोठे होतील, अर्थ तेवढाच राहील.

आधी एक दिलासा. हॉटेअरची पातळी कमी झाली नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. आपल्याला एन्झाइमच्या इनहिबिटरची सवय असते: सक्रिय जागा अडवली की काम थांबलं. हॉटेअरसारख्या लांब आरएनएला तशी सक्रिय जागा नसते. तो आकार धारण करतो, त्या आकाराला प्रोटीनं चिकटतात आणि त्यातून जनुकांवर परिणाम होतो. त्यामुळे ‘एलएनसीआरएनए (लांब नॉन-कोडिंग आरएनए) इनहिबिटर’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या तऱ्हेची संयुगं विकली जातात. काही आरएनए तयारच होऊ देत नाहीत, काही तयार झालेला आरएनए अस्थिर करतात, आणि काही आरएनएला हातही न लावता त्याची प्रोटीनशी असलेली जोडी तोडतात. एक्यूबी या शेवटच्या गटातलं आहे. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हाचा दावाच असा होता की हॉटेअर आणि ईझेडएच२ यांची जोडी तुटते, पीआरसी२ (जनुकं दाबणारं प्रोटीनांचं संकुल; ईझेडएच२ हे त्यातलंच एन्झाइम) ठरावीक जनुकांपर्यंत पोचत नाही आणि एपीसी२ सारखी दाबलेली जनुकं पुन्हा चालू होतात. म्हणजे तुम्ही क्यूपीसीआरवर जे मोजलं, ते बदलण्याची अपेक्षा मुळात नव्हतीच.

पहिल्या गटापासून मात्र सांभाळून राहा, कारण तिथे निकाल फार लवकर आणि फार छान दिसतात. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींमध्ये बीआरडी४ हे प्रोटीन हॉटेअरचं ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) चालू ठेवतं आणि बीईटी इनहिबिटर (बीआरडी४च्या कुळातली प्रोटीनं रोखणारं संयुग) दिला की हॉटेअर उतरतं, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. निष्कर्ष चांगला आहे. पण बीईटी इनहिबिटरने मिक हे पेशींची वाढ चालवणारं जनुकही उतरतं, आणखी असंख्य जनुकं हलतात. त्यानंतर पेशी वाढेनाशा झाल्या तर त्याचं श्रेय एकट्या हॉटेअरला कसं देणार?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अँजेलमन सिंड्रोम या मेंदूच्या विकासावर परिणाम करणाऱ्या जनुकीय आजाराच्या संशोधनात आहे आणि मी ते माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला लावते. मेंदूतल्या मज्जापेशींमध्ये (न्यूरॉनमध्ये) वडिलांकडून आलेली यूबीई३ए जनुकाची प्रत एका प्रचंड लांब अँटिसेन्स (उलट्या दिशेने बनणाऱ्या) आरएनएमुळे गप्प असते. आईकडून आलेली प्रत बिघडलेली असेल तर आजार होतो. म्हणून वडिलांची प्रत जागी करणारा रेणू शोधायला दोन हजारांहून जास्त संयुगं तपासली गेली, आणि सापडलं काय, तर टोपोटेकॅन, डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज हे एन्झाइम रोखणारं कर्करोगाचं जुनं औषध. ते दिल्यावर अँटिसेन्स आरएनए कमी होतो आणि जनुक जागं होतं. हे नेचरमध्ये २०१२ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी, त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी दाखवलं की टोपोआयसोमरेज रोखलं की मज्जापेशींमधली लांब जनुकं सरसकट मंदावतात आणि त्यांत ऑटिझमशी जोडलेली बरीच आहेत. म्हणजे टोपोटेकॅनने तो अँटिसेन्स आरएनए ओळखून निवडला नव्हता. तो आरएनए लांब होता म्हणून सापडला. पहिला निष्कर्ष खोटा ठरला का? अजिबात नाही. अँटिसेन्स उतरला की वडिलांची प्रत जागी होते हे खरंच होतं, आणि २०१५ मध्ये थेट त्या आरएनएवर बेतलेल्या अँटिसेन्स ऑलिगोने (त्या आरएनएला जुळणाऱ्या छोट्या कृत्रिम तुकड्याने) उंदरात तेच पुन्हा दिसलं. संयुगाने दिशा दाखवली, खात्री दुसऱ्या हत्याराने केली. तुमच्या प्रबंधातही कामाची हीच विभागणी असावी असं माझं मत आहे.

दुसऱ्या गटात, म्हणजे आरएनए अस्थिर करणाऱ्या संयुगांत, मॅलॅट१ या लांब आरएनएचं उदाहरण येतं. या आरएनएच्या ३′ टोकाला नेहमीची पॉली-ए शेपटी नसते. तिथे यू आणि ए यांनी बनलेली तिपेडी गुंफण असते आणि तीच त्याला विघटनापासून वाचवते. २०१४ मध्ये तिची स्फटिकरचना आली आणि रसायनशास्त्रज्ञांना नेम धरायला ठोस आकार मिळाला. त्या गुंफणीला चिकटणारी संयुगं २०१८-१९ मध्ये वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केली आणि त्यांतल्या काहींनी पेशींमधलं मॅलॅट१ खरोखर उतरवलं. इथे क्यूपीसीआर योग्य मोजमाप आहे. फक्त नीट१ या दुसऱ्या आरएनएच्या लांब रूपाच्या टोकालाही तशीच गुंफण असते, म्हणून निवडकपणा तपासताना ते शेजारी मोजायलाच हवं.

जोडी तोडणाऱ्या गटाबद्दल मला आशा वाटते ती २०२२ च्या एक्सिस्टच्या (मादीच्या पेशीत एक एक्स गुणसूत्र बंद करणाऱ्या लांब आरएनएच्या) कामामुळे. त्यात एक्स१ नावाचा रेणू एक्सिस्टच्या रिपीट-ए भागाला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, पीआरसी२ आणि स्पेन ही प्रोटीनं बाजूला पडतात, आणि मादी उंदराच्या स्टेम सेल विकसित होताना एक्स गुणसूत्राचं निष्क्रियीकरण सुरूच होत नाही. लांब आरएनएचा आकार बदलून त्याचं काम थांबवता येतं, याचा इतका सरळ पुरावा त्याआधी हाताशी नव्हता. तेव्हा तुमच्या प्रयोगामागची कल्पना कच्ची नाही. हॉटेअरच्या बाबतीत पुरावा तेवढा घट्ट नाही, एवढंच.

तो का नाही, हे जरा तपशिलात बघू, कारण तोंडी परीक्षेत तुम्हाला याच्यावरच धरतील.

हॉटेअर २००७ मध्ये जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांच्या गटाने वर्णिलं. सुमारे २.२ किलोबेसचा आरएनए, १२व्या गुणसूत्रावरच्या हॉक्स-सी या जनुकांच्या समूहातून निघणारा आणि २ऱ्या गुणसूत्रावरचा हॉक्स-डी समूह दाबणारा. पुढे ५′ भाग पीआरसी२ला आणि ३′ भाग एलएसडी१ या दुसऱ्या एन्झाइमच्या संकुलाला धरतो असं चित्र उभं राहिलं. २०१० मध्ये, तुमच्याच एमडीए-एमबी-२३१ पेशींत हॉटेअर जास्तीचं घातल्यावर आक्रमण वाढतं आणि ते पीआरसी२वर अवलंबून असतं, हेही आलं. चित्र सुबक होतं. मग शंका सुरू झाल्या. पीआरसी२ हे संकुल आरएनएच्या बाबतीत फारसं चोखंदळ नाही, कितीतरी असंबंधित आरएनए ते धरतं, हे २०१३ मध्ये टॉम चेक यांच्या प्रयोगशाळेतून दाखवलं गेलं. २०१७ मध्ये तर हॉटेअर क्रोमॅटिनवर (प्रोटीनांवर गुंडाळलेल्या डीएनएवर) मुद्दाम एका जागी बांधून बघितलं, तेव्हा जनुक पीआरसी२ नसतानाही दबलं. पीआरसी२ तिथे येतं, पण दाबलं गेल्यानंतर, परिणाम म्हणून. शिवाय हॉटेअर काढलेल्या उंदरांमध्ये हॉक्स-डीचं काय होतं यावर गटागटांत मतभेद आहेतच.

याचा तुमच्या संयुगाशी संबंध असा: हॉटेअर आणि ईझेडएच२ची जोडी तोडल्याने आक्रमण घटलं असं म्हणायचं, तर ती जोडी आक्रमणासाठी लागते हे गृहीत धरावं लागतं. ते गृहीत काही पेशींमध्ये खरं असेलही. तुमच्या पेशींमध्ये ते आहे का, हे तुम्हालाच दाखवायला हवं.

आता मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगते. पहिलं काम, जोडी तुटते आहे का ते बघणं. ईझेडएच२च्या अँटिबॉडीने आरआयपी करा (म्हणजे प्रोटीन ओढून काढा आणि त्याला चिकटलेला आरएनए मोजा), शक्य असेल तर यूव्हीने क्रॉसलिंक करून आणि कडक धुलाई देऊन, कारण पेशी फोडल्यावरही आरएनए आणि प्रोटीन नव्याने चिकटतात. फक्त डीएमएसओ (संयुग ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेल्या आणि संयुग दिलेल्या, दोन्ही पेशींतून हॉटेअर इनपुटच्या (सुरुवातीच्या नमुन्याच्या) किती टक्के येतं ते मोजा. आणि हा भाग लोक गाळतात: त्याच नमुन्यात आणखी तीन-चार आरएनए मोजा, जे ईझेडएच२बरोबर येतात पण ज्यांच्यावर परिणाम अपेक्षित नाही. मॅलॅट१ चालेल, एखाद-दोन एमआरएनएही घ्या. समजा संयुग दिल्यावर हॉटेअरचं प्रमाण निम्मं झालं आणि बाकीचे जागेवर राहिले, तर बोलण्यासारखं काही आहे. सगळेच निम्मे झाले तर संयुगाने हॉटेअरला ओळखलेलं नाही. ते ईझेडएच२च्या आरएनए धरण्याच्या जागेवर बसलं असेल, किंवा ईझेडएच२च कमी झालं असेल. म्हणून त्याच दिवशीच्या लायसेटमधून ईझेडएच२ आणि पीआरसी२मधल्याच सुझ१२चा वेस्टर्न (प्रोटीनचं प्रमाण दाखवणारी चाचणी) हवाच. आरआयपीचा आलेख आणि वेस्टर्न शेजारी ठेवल्याशिवाय मी असा निकाल वाचतच नाही.

दुसरं काम वेळेचं, आणि इथे तुमच्या २४ तासांबद्दल माझा आक्षेप आहे. एच३के२७एमई३ ही खूण (जनुक दाबण्यासाठी ईझेडएच२ हिस्टोन प्रोटीनवर लावतं ते मिथायलेशन) इनहिबिटर पडल्याबरोबर पुसली जात नाही. ती मुख्यतः पेशी विभागताना विरळ होत जाते. ईझेडएच२चं एन्झाइमच रोखणाऱ्या औषधांनीही ती नीट उतरायला तीन-चार दिवस जातात. तेव्हा २४ तासांत आक्रमण निम्मं झालं, तर तो परिणाम या खुणेच्या वाटेने आला असण्याची शक्यता कमी वाटते. आरआयपी काही तासांनी आणि २४ तासांनी करा, एपीसी२चा एमआरएनए २४, ४८, ७२ तासांना बघा, आणि एपीसी२च्या प्रोमोटरवर एच३के२७एमई३चा चिप-क्यूपीसीआर (डीएनएच्या त्या जागी खूण किती आहे हे मोजणारी चाचणी) ७२ ते ९६ तासांना. घटना याच क्रमाने घडल्या तर यंत्रणेला आधार मिळतो. आक्रमण आधी घटलं आणि खूण नंतर, तर दुसरी काहीतरी वाट आहे.

याच्या जोडीला टॅझेमेटोस्टॅटसारखा ईझेडएच२चा सरळ इनहिबिटर एका प्लेटमध्ये चालवा. ते औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, सहज मिळतं आणि त्याचं लक्ष्य स्पष्ट आहे. चार दिवस देऊन, खूण वेस्टर्नवर उतरलेली बघून, तरीही तुमच्या पेशींचं आक्रमण घटलं नाही, तर एक्यूबीचा परिणाम ईझेडएच२च्या मिथायलेशनमुळे आला असं म्हणता येणार नाही. एवढ्या स्वस्तात इतका निर्णायक प्रयोग फार थोडे असतात.

आता डोस. हा पेशींवर, त्यांच्या घनतेवर, सीरमवर आणि तुमच्या बॅचच्या शुद्धतेवर अवलंबून आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलू नका. अर्ध्या मायक्रोमोलरपासून २० पर्यंत सहा-सात पायऱ्या घ्या, डीएमएसओ प्रत्येक विहिरीत सारखाच आणि ०.१ टक्क्याच्या वर नको. प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी एकत्र मोजा: पेशी किती जिवंत आहेत, त्या किती वाढल्या, आणि एपीसी२सारखं तुमचं जवळचं मोजमाप. ट्रान्सवेल हे लांबचं मोजमाप आहे. ज्या डोसला पेशींची संख्या १५-२० टक्क्यांनी उतरते त्या डोसला ट्रान्सवेलमध्ये फरक दिसणारच, त्याचा आक्रमणाशी संबंध असो वा नसो. तुमच्या १० मायक्रोमोलरच्या निकालाबरोबर पेशींची संख्या दिलेली नाही. ती आधी बघा. कदाचित तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

संयुगाच्या रसायनाबद्दलही दोन शब्द. आरएनएला चिकटणारे म्हणून सापडणारे बरेच रेणू चपटे आणि धनभारित असतात. ते कुठल्याही आरएनएच्या, कधी डीएनएच्याही, जोड्यांमध्ये शिरतात. काही संयुगं पाण्यात गोळा होऊन प्रोटीनं अडकवतात आणि चाचणीत खोटा होकार देतात. थोडा ट्रायटन एक्स-१०० घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर हा संशय बळावतो, अर्थात ही तपासणी जिवंत पेशींवर नाही, शुद्ध प्रोटीन-आरएनएच्या चाचणीतच करायची. शुद्ध घटकांवर बंधन मोजत असाल तर भरपूर यीस्ट टीआरएनए घालून पुन्हा मोजा. बंधन त्यातही टिकलं तर निवडकपणाबद्दल बोलता येईल. आणि रचना जवळजवळ तीच पण काम न करणारं भावंड संयुग मिळालं तर नक्की घ्या. तुमच्या संस्थेत कुणी सेंद्रिय रसायनवाले असतील तर त्यांच्याशी आत्ताच बोला, असे नमुने मागवून यायला आपल्याकडे आठवडे जातात.

या सगळ्याहून भक्कम पुरावा कोणता, तर संयुग ज्या जागी चिकटतं ती जागा बदललेला आरएनए. बॅक्टेरियातल्या एफएमएन रायबोस्विचवर (छोटा रेणू चिकटला की जनुक बंद करणाऱ्या आरएनएच्या भागावर) काम करणारं रायबोसिल हे संयुग २०१५ मध्ये आलं, तेव्हा त्याला दाद न देणाऱ्या ई. कोलायमध्ये बदल सापडले ते त्याच रायबोस्विचच्या आरएनएमध्ये. वाद तिथेच संपला. हॉटेअर दूरच्या जागी काम करतं असं मानलं जातं, म्हणून प्लाझमिडवरून ते परत देऊन बघण्याची सोय तुमच्याकडे आहे. स्वतःच्या शेजारच्या जनुकावरच काम करणाऱ्या आरएनएला ही सोय नसते. पण एक्यूबीची हॉटेअरवरची जागा न्यूक्लिओटाइडपर्यंत ठरलेली असल्याशिवाय नेमकं काय बदलायचं हे कळणार नाही, त्यामुळे पीएचडीच्या उरलेल्या वेळात हा प्रयोग मी तुमच्यावर लादणार नाही.

लादणार आहे तो एसआयआरएनएचा मार्ग दुरुस्त करणं. एक तृतीयांश घट का मिळाली? केंद्रकातल्या आरएनएवर एसआयआरएनए कधी चालतो, कधी नाही. हॉटेअर केंद्रकात आणि सायटोप्लाझममध्ये, दोन्हीकडे असतं. म्हणून आधी पेशींचे भाग वेगळे करा. केंद्रकासाठी यू६ आणि सायटोप्लाझमसाठी जीएपीडीएच बघून विभागणी नीट झाली ना, हे ठरवा, मग हॉटेअर कुठे किती उतरलं ते मोजा. केंद्रकातलं तसंच राहिलं असेल तर एलएनए गॅपमर (आरएनएला जुळून तो तोडायला लावणारे छोटे कृत्रिम तुकडे) घ्या. ते पेशीतलं आरनेज एच हे आरएनए कापणारं एन्झाइम वापरतात आणि केंद्रकात चांगलं काम करतात. दोन वेगवेगळ्या जागांवरचे दोन गॅपमर, एक स्क्रॅम्बल्ड (कशालाच न जुळणारा). शक्यतो ३′ टोकाकडचे निवडा, कारण तयार होत असलेल्या आरएनएला सुरुवातीलाच कापलं तर ट्रान्सक्रिप्शनच अर्ध्यात थांबू शकतं, हे २०२० मध्ये दोन गटांनी दाखवलं आहे, आणि मग परिणाम आरएनएचा की त्या जागेवरच्या ट्रान्सक्रिप्शनचा हे सांगता येत नाही. क्रिस्पर-आय (जनुकाचं ट्रान्सक्रिप्शनच रोखणारी पद्धत) वापरायचा मोह होईल. हॉटेअर हॉक्स-सी११ आणि हॉक्स-सी१२ यांच्या मध्ये, उलट्या दिशेने बसलेलं आहे, तेव्हा ते केलंत तर या दोन्ही शेजाऱ्यांची पातळी मोजल्याशिवाय निकाल ग्राह्य धरू नका. क्यूपीसीआरमध्येही हॉटेअरचा सीटी (ज्या फेरीला संकेत दिसतो तो आकडा; जितका मोठा तितका आरएनए कमी) ३२-३३ च्या पुढे जात असेल तर आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला नमुना शेजारी चालवाच. इतक्या कमी आरएनएत डीएनएची थोडी भेसळही तुमची सगळी घट झाकून टाकते.

तुमच्याकडे साधारण वर्ष उरलंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून क्रम सांगते. या आठवड्यात १० मायक्रोमोलरच्या पेशींची संख्या आणि डोसची पायरी. ते चालू असतानाच गॅपमर मागवा, कारण सगळ्यात जास्त वाट त्यांचीच बघावी लागेल. मग आरआयपी आणि वेस्टर्न, त्यानंतर टॅझेमेटोस्टॅटची प्लेट. चिप सर्वांत शेवटी, आणि आरआयपीत हॉटेअरपुरता निवडक फरक दिसला तरच. गॅपमर आल्यावर एक जोडप्रयोग जरूर करा: गॅपमरने हॉटेअर उतरवलेल्या पेशींना एक्यूबी द्या. संयुग हॉटेअरमार्फतच काम करत असेल तर हॉटेअर नसताना त्याला करायला फारसं काही उरायला नको. गॅपमर दिलेल्या पेशींतही ते तेवढंच आक्रमण घटवत असेल, तर त्याचं लक्ष्य दुसरीकडे आहे.

आज तुमच्या हातात जे आहे त्यावर प्रबंधात एवढंच वाक्य बसतं: ‘१० मायक्रोमोलर एक्यूबी २४ तास दिल्यावर एमडीए-एमबी-२३१ पेशींचं ट्रान्सवेलमधून जाणं कमी झालं. हॉटेअरची पातळी बदलली नाही.’ गॅपमरनेही आक्रमण घटलं आणि जोडप्रयोगात एक्यूबीचा परिणाम नाहीसा झाला, तर ‘हा परिणाम हॉटेअरवर अवलंबून आहे’ असं खुशाल लिहा. ‘हॉटेअर-ईझेडएच२ जोडी तुटल्यामुळे’ हे शब्द आरआयपी, टॅझेमेटोस्टॅट आणि चिप तिन्ही एकाच दिशेला गेल्याशिवाय घालू नका. पेशींच्या संख्येचे आकडे आले की इथेच टाका, डोस कुठे थांबवायचा ते त्यावरून सांगते.